‘पहिल्या दहा ओळी द्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या दहा?

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारच्या कॉलेजांतून संगणकाचं शिक्षण घेऊन मुलं-मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. पहिल्याच परीक्षेत एक साधा प्रश्न येतो: टेबलमधल्या सर्वांत जास्त भावाच्या दहा नोंदी काढा. एकाने कॉलेजात ‘लिमिट १०’ शिकलेलं असतं, समोरची मशीन ते स्वीकारत नाही. दुसरीने ‘टॉप १०’ पाठ केलेलं असतं, तिथेही लाल अक्षरात चूक दिसते. इकडे गावात, बाजार समितीच्या आवारात किंवा पतसंस्थेत हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचा अनुभव याहून वेगळा असतो. त्याची क्वेरी चालते, चूक दाखवत नाही, पण सकाळी काढलेली ‘पहिल्या दहांची’ यादी आणि दुपारी काढलेली यादी जुळत नाही. मधे एकही नोंद बदललेली नसते.

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. ‘पहिले’ हा शब्द आपण सहज बोलतो, पण कोणत्या क्रमाने पहिले हे सांगायचं विसरतो.

सुरुवातीला चार शब्द

डेटाबेस म्हणजे नोंदींचं कोठार. त्यातलं प्रत्येक टेबल म्हणजे एक वही. वहीतली आडवी नोंद ती ओळ आणि उभा रकाना तो कॉलम. या कोठाराला ज्या भाषेत प्रश्न विचारतात ती एसक्यूएल आणि विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. एवढ्या शब्दांवर पुढचं सगळं समजतं.

एक खुलासा. खालच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर टाकताना ‘सिलेक्ट’, ‘फ्रॉम’ वगैरे शब्द इंग्रजी अक्षरांत टंकायचे. आणि आज्ञेत ‘रोज’ असं दिसेल ते दररोजचं ‘रोज’ नव्हे, तो ‘ओळी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे.

उदाहरणासाठी केळी खरेदीचं एक छोटं टेबल घेऊ, नाव ‘पट्टी’, म्हणजे माल खरेदीची पावती. आकडे समजावण्यापुरते, मनाने घेतलेले. कॉलम चार: पट्टी क्रमांक, तालुका, वजन क्विंटलमध्ये आणि क्विंटलचा भाव रुपयांत.

१०१, रावेर, ४२, १९५०
१०२, यावल, ३८, १९००
१०३, चोपडा, ५५, १८५०
१०४, रावेर, २९, १९००
१०५, मुक्ताईनगर, ६१, १९००
१०६, यावल, ३३, भाव रिकामा

शेवटच्या पट्टीत माल तोलून झाला आहे, भाव अजून ठरायचा आहे. तो रिकामा रकाना लक्षात ठेवा, पुढे तोच सगळ्यात जास्त त्रास देणार आहे.

टेबल ही रांग नाही, पथारी आहे

नंदुरबारला मिरचीचा हंगाम आला की लाल मिरच्या पथारीवर उन्हात पसरलेल्या असतात. तिथल्या मजुराला ‘पहिल्या दहा मिरच्या आण’ म्हटलं तर तो काय करेल? उभा आहे तिथून हाताला लागतील त्या दहा आणून देईल. उद्या दुसऱ्या टोकाला उभा असेल तर दुसऱ्या दहा आणेल. त्याचं काहीच चुकलेलं नाही, कारण पथारीला पहिली मिरची नसतेच. ‘सगळ्यात लांब दहा आण’ म्हटलं तरच त्याला निवडता येईल.

डेटाबेसचं टेबल नेमकं असंच आहे. आपण वर १०१ पासून १०६ पर्यंत ओळीने लिहिलं म्हणून ते रांगेसारखं वाटतं, पण एसक्यूएलच्या नियमात टेबलमधल्या ओळींना क्रम नसतो. एडगर कॉड यांनी १९७० साली ज्या गणिती पायावर ही कल्पना मांडली, त्यात टेबल म्हणजे संच. आणि संचाला पहिला-दुसरा घटक नसतो, हे आपण शाळेतच शिकलो आहोत.

क्रम देण्याचं काम एकच शब्दजोडी करते: ‘ऑर्डर बाय’. म्हणजे अमुक कॉलमनुसार लाव. ती नसेल तर मागितलेल्या संख्येइतक्या ओळी मिळतील, पण कोणत्या मिळतील याची हमी नाही.

प्रमाण भाषा आणि बोली

आता ‘टॉप’ आणि ‘लिमिट’चं भांडण. खान्देशातल्या वाचकाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. शाळेच्या पुस्तकात ‘भाऊ, कुठे चाललास?’ असतं आणि बाहेर पडलं की ‘कथा चालना भाऊ?’ ऐकू येतं. पलीकडे रावेर-यावलकडे लेवा गणबोलीत त्याचंच तिसरं रूप. विचारणं एकच, बोली वेगळ्या. एसक्यूएलचंही तसंच आहे, आणि जाणकार त्या रूपांना खरोखरच ‘बोली’ म्हणतात.

एसक्यूएलचं पहिलं प्रमाण अमेरिकेच्या मानक संस्थेने १९८६ साली ठरवलं, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ते स्वीकारलं. त्यात ‘अमुक इतक्याच ओळी द्या’ असं म्हणायची सोयच नव्हती. त्या काळची रीत अशी की प्रोग्रॅमने क्वेरी उघडायची, ‘फेच’ म्हणत एकेक ओळ ओढून घ्यायची आणि पुरे झालं की थांबायचं. मर्यादा घालणं हे भाषेचं काम मानलं जात नव्हतं, ते प्रोग्रॅमचं काम होतं.

पण लोकांना सोय हवी होती, तेव्हा प्रत्येक कंपनीने आपापला शब्द काढला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि मोबाइलमध्ये सर्रास असणारं एसक्यूलाइट यांच्यात ‘लिमिट’. ओरॅकलमध्ये प्रत्येक ओळीला मिळणारा ‘रोनम’ नावाचा क्रमांक. प्रमाण समितीने २००८ च्या आवृत्तीत आपला शब्द ठरवला तो आयबीएमच्या डीबी२ मध्ये आधीपासून रुळलेला: ‘फेच फर्स्ट’. तोवर बोली इतक्या पक्क्या झाल्या होत्या की त्या आजही हटलेल्या नाहीत.

प्रमाण वाक्य, शब्दाशब्दाने

सिलेक्ट * फ्रॉम पट्टी
ऑर्डर बाय भाव डेस्क
ऑफसेट ० रोज
फेच फर्स्ट ३ रोज ओन्ली

पहिली ओळ: पट्टी टेबलमधले सगळे कॉलम दे. दुसरी: भावानुसार लाव, मोठ्याकडून लहानाकडे. ‘डेस्क’ हे ‘उतरत्या क्रमाने’ याचं आखूड रूप, ते लिहिलं नाही तर चढता क्रम धरला जातो. तिसरी: सुरुवातीच्या शून्य ओळी सोड, म्हणजे काहीच सोडू नको. एसक्यूएल सर्व्हर सोडला तर ही ओळ गाळली तरी चालते. चौथी: पहिल्या तीन ओळी घे आणि तिथेच थांब.

‘फर्स्ट’ऐवजी ‘नेक्स्ट’ लिहिलं तरी अर्थ तोच. ‘रोज’ऐवजी एकवचनी ‘रो’ चालतं. आकडा अजिबात दिला नाही, नुसतं ‘फेच फर्स्ट रो ओन्ली’ म्हटलं, तर एक ओळ मिळते. टक्क्यांत मागायचीही सोय प्रमाणात आहे, ओरॅकलमध्ये ती चालते, पोस्टग्रेसमध्ये नाही.

भाव सारखे निघाले तर?

वरची क्वेरी आपल्या टेबलवर चालवू. रिकाम्या भावाची १०६ क्षणभर बाजूला ठेवा. १९५० ची १०१ पहिली आली, त्यात वाद नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी १०२, १०४ आणि १०५ अशा तिघींचा भाव १९०० आहे. जागा दोन, दावेदार तीन. डेटाबेस त्यातल्या कोणत्याही दोन देईल आणि तिसरी गुपचूप वगळेल. उद्या दुसऱ्या दोन देईल. ऑर्डर बाय लिहूनही यादी बदलते ती इथे.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. तो फरक नीट समजून घ्यावा.

पहिला उपाय: ‘ओन्ली’च्या जागी ‘विथ टाइज’ लिहायचं. म्हणजे शेवटच्या जागेवर बरोबरी असेल तर त्या सगळ्यांना आत घे. आपल्या उदाहरणात तीन मागितल्या तरी चार ओळी येतील: १०१, १०२, १०४, १०५. बक्षीस, शिष्यवृत्ती, अनुदानाची यादी, जिथे माणसावर अन्याय होऊ शकतो तिथे हाच उपाय योग्य. सारखे गुण असलेल्या दोघांपैकी एकाला संगणकाच्या लहरीवर वगळणं कुणालाच पटणार नाही.

दुसरा उपाय: बरोबरी तोडणारा कॉलम जोडायचा.

ऑर्डर बाय भाव डेस्क, पट्टी_क्रमांक

आता भाव सारखा असेल तर लहान पट्टी क्रमांक आधी. पट्टी क्रमांक कुणाचाच दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून बरोबरी उरतच नाही. दहा वेळा चालवा, दहाही वेळा १०१, १०२, १०४ याच येतील. पडद्यावर दाखवायच्या याद्या आणि पानं पालटणं यांना हा उपाय हवा. इथे तारीख जोडून भागत नाही, कारण एका दिवशी अनेक पट्ट्या फाटतात. जोडायचा कॉलम एकमेवच हवा.

‘विथ टाइज’ ओरॅकलमध्ये १२सी आवृत्तीपासून आहे, पोस्टग्रेसमध्ये २०२० साली आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून, मारियाडीबीमध्ये (मायएसक्यूएलपासून निघालेला डेटाबेस) १०.६ पासून. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते ‘टॉप’बरोबर चालतं, ‘फेच’बरोबर नाही. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ते नाहीच.

रिकाम्या रकान्याचा घोळ

आता १०६ कडे वळू. तिचा भाव ठरलेला नाही, रकाना रिकामा आहे. एसक्यूएलमध्ये या रिकामेपणाला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे ‘माहीत नाही’. मग क्रम लावताना ‘माहीत नाही’ला कुठे बसवायचं? प्रमाणाने हा निर्णय ज्या-त्या डेटाबेसवर सोडला आणि इथेच फाटे फुटले.

पोस्टग्रेस आणि ओरॅकल नलला सगळ्यात मोठं मानतात. उतरत्या क्रमात मोठं ते आधी, म्हणून ‘सर्वांत जास्त भावाच्या तीन पट्ट्या’ मागितल्यावर पहिल्या जागी १०६ येते, भाव न ठरलेली! तिच्यामागून १०१, आणि १९०० वाल्यांतली एखादी. ‘विथ टाइज’ लावलं असेल तर पाच ओळी येतील, कारण तिसऱ्या जागेवर तिघींची बरोबरी आहे. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट नलला सगळ्यात लहान मानतात. तिथे ही क्वेरी ठीक चालते, पण ‘सर्वांत कमी भावाच्या तीन’ मागितल्या की १०६ तिथे वर येऊन बसते.

प्रमाण भाषेत यावर ‘नल्स लास्ट’ आहे:

ऑर्डर बाय भाव डेस्क नल्स लास्ट

पण मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरला ते कळत नाही. सगळीकडे चालणारा मार्ग म्हणजे भाव नसलेल्या ओळी आधीच गाळणं: ‘व्हेअर भाव इज नॉट नल’. बहुतेक वेळा आपल्याला तेच म्हणायचं असतं. भाव न ठरलेला माल जास्त भावाच्या यादीत असायचं कारणच काय?

‘पण मला तर नेहमी त्याच क्रमाने मिळतं’

ऑर्डर बाय लिहा म्हटलं की हा आक्षेप येतोच, आणि तो खरा आहे. लहान टेबलवर, एकट्याच्या मशीनवर महिनोनमहिने ओळी टाकल्या त्याच क्रमाने परत येतात. मग एके दिवशी येत नाहीत. त्याची कारणं अगदी ठोस आहेत.

पोस्टग्रेसमध्ये एखाद्या ओळीत दुरुस्ती केली की जुनी ओळ खोडून तिथेच लिहिलं जात नाही. दुरुस्त ओळीची नवी प्रत लिहिली जाते, ती जिथे जागा असेल तिथे. म्हणून १०१ चं वजन दुरुस्त केलं की ऑर्डर बाय नसलेल्या यादीत ती शेवटी गेलेली दिसू शकते. दुसरं कारण, टेबल मोठं असेल तर काम अनेक प्रोसेसमध्ये वाटलं जातं, आणि ज्याचा तुकडा आधी झाला त्याच्या ओळी आधी येतात. तिसरं, कुणी नवा इंडेक्स (एखाद्या कॉलमनुसार आधीच लावून ठेवलेली सूची) बनवला आणि डेटाबेसने तो वापरायचं ठरवलं, तर वाचण्याची वाटच बदलते.

चौथं कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं. गावात हरिनाम सप्ताहात पारायण चालू आहे. तुम्ही उशिरा पोचलात तर तुमच्यासाठी पहिल्या अध्यायापासून सुरुवात होत नाही. चालू अध्यायात सामील व्हायचं आणि राहिलेले आधीचे अध्याय नंतर वाचून घ्यायचे. पोस्टग्रेस मोठ्या टेबलवर हेच करतं. एका क्वेरीचं अख्खं टेबल वाचणं चालू असताना दुसरी आली, तर ती मधूनच सामील होते, म्हणजे डिस्कवरून तेच पान दोनदा वाचावं लागत नाही. शेवटाला पोचली की वळसा घालून सुरुवातीचा भाग वाचते. अशा वेळी तुमची ‘पहिली’ ओळ टेबलच्या मधलीच असते. हे काम कमी करण्यासाठी मुद्दाम केलेलं आहे, यात बिघाड काही नाही.

म्हणूनच चाचणीत बरोबर चाललं याचा इथे पुरावा म्हणून उपयोग नाही. चाचणीचं टेबल लहान असतं आणि त्यावर दुसरं कुणी काम करत नसतं.

मर्यादा कधी लागते: आधी की शेवटी?

एसक्यूएलचं वाक्य वरून खाली लिहिलं तरी त्याचा अर्थ वेगळ्या क्रमाने लागतो. आधी टेबल, मग ‘व्हेअर’ची चाळणी, मग गट, मग कॉलम निवडणं, मग क्रम लावणं आणि अगदी शेवटी मर्यादा. एवढं कळलं की अनेक कोडी सुटतात.

ओरॅकलच्या जुन्या ‘रोनम’मध्ये अडकणारे लोक याच जागी अडकतात:

सिलेक्ट * फ्रॉम पट्टी
व्हेअर रोनम <= ३
ऑर्डर बाय भाव डेस्क

इथे मर्यादा ‘व्हेअर’मध्ये आहे, म्हणजे क्रम लावण्याच्या आधी. आधी हाताला लागतील त्या तीन पट्ट्या उचलल्या जातात, मग त्या तिघींनाच भावाने लावलं जातं. यादी दिसायला सुबक, उतरत्या भावाची, पण सर्वांत जास्त भावाच्या त्या तीन नव्हेत. जुन्या ओरॅकलमध्ये आतल्या कंसात ऑर्डर बाय करून बाहेर रोनम लावावा लागतो. १२सी ही आवृत्ती २०१३ मध्ये आली, तिच्यापासून ‘फेच फर्स्ट’ लिहिता येतं.

‘व्हेअर रोनम > १०’ लिहिलं तर तर एकही ओळ येत नाही. दवाखान्याचं दार डोळ्यापुढे आणा. दारावरचा माणूस येणाऱ्याला टोकन देतो, पण दहाच्या पुढच्या टोकनलाच आत सोडतो. पहिल्या पेशंटला एक नंबर मिळाला, तो परत पाठवला, टोकन काढून घेतलं. पुढच्यालाही तोच एक नंबर. अकरावं टोकन कधी फाटणारच नाही.

दुसरी फसगत बेरजेची. ‘सर्वांत जास्त वजनाच्या तीन पट्ट्यांचं एकूण वजन’ हवं आहे आणि कुणी लिहितं:

सिलेक्ट सम(वजन) फ्रॉम पट्टी
फेच फर्स्ट ३ रोज ओन्ली

उत्तर येतं २५८. हे सगळ्या सहा पट्ट्यांचं वजन. बेरीज आधी झाली, तिची एकच ओळ उरली, आणि मग त्या एका ओळीला ‘तीनच द्या’ ही मर्यादा लागली. बरोबर उत्तर १५८ आहे: ६१, ५५ आणि ४२. त्यासाठी तीन ओळी आधी आतल्या क्वेरीत वेगळ्या काढायच्या आणि बेरीज बाहेर करायची:

सिलेक्ट सम(वजन) फ्रॉम
(सिलेक्ट वजन फ्रॉम पट्टी
ऑर्डर बाय वजन डेस्क
फेच फर्स्ट ३ रोज ओन्ली) वरच्या

शेवटचं ‘वरच्या’ हे आतल्या क्वेरीला दिलेलं नाव. काही डेटाबेस ते नसेल तर चूक दाखवतात, म्हणून द्यायची सवय ठेवावी.

टेबलं जोडतानाही असंच होतं. समजा प्रत्येक पट्टीला हमाली, तोलाई आणि वाहतूक अशा तीन कपातींच्या ओळी दुसऱ्या टेबलात आहेत. पट्टी आणि कपात जोडून पट्टी क्रमांकाने लावल्या आणि पहिल्या दहा ओळी मागितल्या, तर दहा पट्ट्या मिळत नाहीत. तीन पट्ट्या पुऱ्या आणि चौथीची एकच कपात मिळते. शेतकऱ्याच्या हातात अशी अर्धी कपात छापून गेली तर हिशेब चुकणारच. आधी दहा पट्ट्या निवडायच्या, मग कपात जोडायची.

‘दहाच मागितल्या, मग इतका वेळ का?’

दहा ओळी मागितल्या म्हणजे दहाच वाचल्या जातात, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत उभ्या असलेल्या घोड्यांतून सर्वांत उंच तीन निवडायचे आहेत. त्यासाठी सगळे घोडे उंचीने रांगेत लावायची गरज नाही. तीन घोडे धरून ठेवायचे आणि पुढचा प्रत्येक घोडा त्यातल्या सर्वांत ठेंगण्याशी ताडून पाहायचा, उंच असेल तर अदलाबदल करायची. अख्खी रांग लावायचे कष्ट वाचले, पण पाहावा प्रत्येक घोडा लागलाच. एकही सोडून चालत नाही, कदाचित तोच सर्वांत उंच असेल.

डेटाबेस हेच करतो. मर्यादेमुळे क्रम लावण्याचं काम आणि लागणारी मेमरी बरीच घटते, पण टेबल पूर्ण वाचावं लागतं. ते टाळायचं तर इंडेक्स हवा, म्हणजे उंचीनुसार आधीच लावून ठेवलेली घोड्यांची नोंदवही. मग वही उघडायची, वरची तीन नावं वाचायची, मिटायची. भावावर इंडेक्स असेल तर लाखो ओळींच्या टेबलवरही ही क्वेरी क्षणात उत्तर देते. बरोबरी तोडायला पट्टी क्रमांक जोडला असेल तर इंडेक्सही त्या दोन कॉलमवर, त्याच क्रमाने आणि त्याच दिशांनी करावा.

भाड्याने मिळणाऱ्या डेटाबेस सेवांमध्ये हा गैरसमज पैशालाही लागतो. गूगलच्या बिगक्वेरीत किती माहिती वाचली त्यावर बिल होऊ शकतं, आणि साध्या टेबलवर ‘लिमिट’ लावल्याने वाचलेली माहिती कमी होत नाही. दहा ओळी पडद्यावर आल्या तरी बिल पूर्ण टेबलचं.

पानं पालटताना

यादी वीस-वीसच्या पानांत दाखवायची तर ‘ऑफसेट’ कामी येतो. हिशेब सोपा: पानाच्या आकड्यातून एक वजा करा आणि विसाने गुणा. तिसऱ्या पानासाठी ऑफसेट ४०.

ऑर्डर बाय पट्टी_क्रमांक डेस्क
ऑफसेट ४० रोज
फेच नेक्स्ट २० रोज ओन्ली

लिमिटच्या बोलीत हेच ‘लिमिट २० ऑफसेट ४०’. मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट ४०, २०’ असंही एक रूप आहे, त्यात सोडायच्या ओळी आधी आणि घ्यायच्या नंतर. आकडे उलटे पडून झालेल्या चुका सापडायला फार वेळ लागतो, म्हणून स्वल्पविरामाचं रूप वापरू नये.

ऑफसेटला दोन दुखणी आहेत. पहिलं, सोडलेल्या ओळीही मोजाव्या लागतात. ऑफसेट २,००,००० म्हणजे दोन लाख ओळी वाचून टाकून द्यायच्या आणि मग वीस द्यायच्या. पहिली पानं झटपट उघडतात आणि मागे जावं तसं रखडायला लागतं ते यामुळे.

दुसरं दुखणं जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. पहिल्या पानावर पट्टी क्रमांक ६२० ते ६०१ दिसताहेत. तुम्ही वाचत असताना काट्यावर नवी गाडी आली आणि ६२१ फाटली. आता दुसरं पान उघडलं की वरच्या वीस ओळी सोडल्या जातात, त्या झाल्या ६२१ ते ६०२. म्हणून दुसऱ्या पानाची सुरुवात पुन्हा ६०१ ने. एक पट्टी दोनदा दिसली. उलट, मधे एखादी पट्टी रद्द होऊन काढली गेली तर एक पट्टी कोणत्याच पानावर दिसत नाही. पानापानाने माहिती उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणाऱ्या कामात हे झालं तर एखाद्या शेतकऱ्याची रक्कम दोनदा जाते किंवा जातच नाही.

यावरचा इलाज म्हणजे वहीत बोट ठेवणं. किती ओळी सोडायच्या हे सांगायचं नाही, शेवटची वाचलेली ओळ कोणती ते सांगायचं:

व्हेअर पट्टी_क्रमांक < ६०१
ऑर्डर बाय पट्टी_क्रमांक डेस्क
फेच फर्स्ट २० रोज ओन्ली

वर कितीही नव्या पट्ट्या आल्या तरी पुढचं पान ६०० पासूनच सुरू होतं. इंडेक्स असेल तर हजारावं पानही पहिल्याइतकंच झटपट. क्रम तारखेने असेल तर बोट दोन ठिकाणी ठेवावं लागतं: तारीख शेवटच्या तारखेहून जुनी, किंवा तारीख तीच आणि पट्टी क्रमांक शेवटच्या क्रमांकाहून लहान. याची किंमत एवढीच की थेट सत्तावन्नाव्या पानावर उडी मारता येत नाही, पुढे-मागेच जाता येतं. मोबाइलवर खाली सरकवत वाचणाऱ्याला तशी उडी लागतही नाही.

‘पुढचं पान आहे का’ हे कळायला सगळ्या ओळी मोजायची गरज नाही. वीस दाखवायच्या तर एकवीस मागवा. एकविसावी आली तर पुढे पान आहे. ती दाखवू नका.

प्रत्येक तालुक्यातल्या पहिल्या तीन

खान्देशात जळगावचे १५, नंदुरबारचे ६ आणि धुळ्याचे ४ असे २५ तालुके. प्रत्येकातल्या सर्वांत जास्त भावाच्या तीन पट्ट्या हव्या असतील तर फेच फर्स्ट ७५ लिहून चालत नाही, त्या सगळ्या एकट्या रावेरच्याही निघू शकतात. मर्यादा अख्ख्या उत्तराला लागते, गटागटाला नाही.

इथे २००३ च्या प्रमाणात आलेली सोय वापरायची:

सिलेक्ट * फ्रॉम
(सिलेक्ट तालुका, पट्टी_क्रमांक, भाव,
रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय तालुका
ऑर्डर बाय भाव डेस्क, पट्टी_क्रमांक) ॲज जागा
फ्रॉम पट्टी व्हेअर भाव इज नॉट नल) क्रमवार
व्हेअर जागा <= ३

‘पार्टिशन बाय तालुका’ म्हणजे तालुक्यागणिक वेगळी रांग लाव. ‘रो_नंबर’ त्या-त्या रांगेत एक, दोन, तीन असे नंबर देतो, आणि बाहेरची क्वेरी तीनपर्यंतचे ठेवते. बरोबरीतल्या सगळ्यांना घ्यायचं असेल तर ‘रो_नंबर’च्या जागी ‘रँक’ लिहायचं आणि आतल्या ऑर्डर बायमधून पट्टी क्रमांक काढायचा. तो राहिला तर बरोबरी होणारच नाही आणि ‘रँक’ लिहून उपयोग नाही. हे वाक्य वर सांगितलेल्या सगळ्या डेटाबेसच्या आजच्या आवृत्त्यांत चालतं, मायएसक्यूएलमध्ये ८ पासून.

मग लिहायचं कोणतं?

डीबी२, ओरॅकल १२सी आणि पुढे, पोस्टग्रेस ८.४ आणि पुढे, मारियाडीबी १०.६ आणि पुढे, इथे ‘फेच फर्स्ट’ लिहावं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ‘लिमिट’शिवाय पर्याय नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसत्या वरच्या ओळी हव्या असतील तर ‘टॉप’. पानं पालटायची असतील तर २०१२ च्या आवृत्तीपासून ऑफसेट-फेच चालतं, मात्र तिथे ऑर्डर बाय सक्तीचं आहे आणि ऑफसेट शून्य असला तरी लिहावा लागतो. ही सक्ती खरं तर सगळ्यांनीच करायला हवी होती.

जुनं सॉफ्टवेअर हाती आलं असेल तर त्यातल्या सगळ्या क्वेऱ्यांत लिमिट, टॉप, फेच, रोनम हे चार शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे आधी ऑर्डर बाय आहे का पाहा. असेल तर त्यातला शेवटचा कॉलम एकमेव आहे का पाहा. मग त्या कॉलममध्ये रिकामे रकाने येऊ शकतात का, ते तपासा. ऑर्डर बाय नसूनही बिनचूक अशा जागा दोनच सापडतील. एक, टेबलमध्ये काय प्रकारची माहिती आहे हे नुसतं डोकावून पाहण्याची क्वेरी. दुसरी, ‘या शेतकऱ्याची एक तरी पट्टी आहे का’ असं विचारणारी. तिथे कोणतीही एक ओळ चालते, म्हणून त्या दोन तशाच राहू द्या.